पाण्याची सवय

हे लिहू नकोस असं मला घरातून कुणी म्हटलं नाही. आमच्या घरात तसं थेट कुणी काही म्हणतच नाही. मी लिहितेय हे कळल्यावर अमोल, माझा नवरा, एवढंच म्हणाला, "आपली नावं बदलून टाक म्हणजे झालं." सासूबाई म्हणाल्या, "लिव्ह की. आमाला कुठं वाचता येतंय." दोघांनाही मी लिहू नये असंच वाटत होतं. हे आता मला ओळखता येतं. वर्षभरापूर्वी येत नव्हतं, आणि ते माझ्या मुलीच्या जिवावर बेतलं.

रेवा आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांच्या मांडीवर आत्ता आजारी लेकरू आहे त्यांना धीरानं पुढे वाचता येईल.

तिला जुलाब झाले होते, एवढंच. कॅन्सर म्हटलं की माणसं खुर्ची पुढे ओढून बसतात, जुलाब म्हटलं की विषय बदलतात. आजाराला मान नसला की त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मग प्रत्येक आईला वाटतं की हे आपल्याच घरात झालं. मलाही तसंच वाटलं होतं. दवाखान्यातला वॉर्ड पाहिला तेव्हा कळलं की तसं नाही.

उकळलेलं पाणी

माझं शिक्षण संभाजीनगरला इंग्रजी शाळेत झालं. घरात मराठीच होतं, पण भांडण, वाद, हट्ट या गोष्टी मराठीत कशा करायच्या ते मी शिकले नाही. खरं तर कुठल्याच भाषेत शिकले नाही. लग्न होऊन केज तालुक्यात नांदूरघाटच्या बाजूच्या या गावात आले, तेव्हा गल्लीतल्या बायका मला बघायला यायच्या आणि माझ्यासमोरच विचारायच्या, "बोलत न्हाई व्हय गं तुझी सून?"

"बोलती की," सासूबाई म्हणायच्या, "इंग्रजीत. मनातल्या मनात."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते.

पहिल्याच महिन्यात मला गावचं पाणी लागलं. मी अंथरुणातून उठू शकत नव्हते. आत्यांनी माझं सगळं केलं. ताकभात भरवला, डोक्याला तेल लावलं, न्हाणीपर्यंत हाताला धरून नेलं. "शहरातलं पोट हाय, त्याला काय म्हाईत," असं त्या माझ्या पोटाबद्दल बोलायच्या, जणू ते घरात आलेलं दुसरंच कुणी पाहुणं आहे. त्या दिवसांत मला त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली. हे मुद्दाम लिहिते. पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवू नये.

आमच्या नळाला आठ-पंधरा दिवसांनी पाणी येतं. आलं की गल्लीतली प्रत्येक मोटार सुरू होते. मोटारी थेट नळालाच जोडलेल्या असतात. पाइप कुठे फुटका असला तर त्या गटारीतलंही ओढून घेतात. ते पाणी अंगणातल्या सिमेंटच्या हौदात पडतं आणि पुढच्या वेळेपर्यंत पुरवून वापरायचं असतं. हौदाला लागूनच न्हाणी. रेवाला शी झाली की आत्या तिला न्हाणीतल्या दगडावर धरायच्या, आणि ज्या तांब्यानं धुवायच्या तोच पुन्हा हौदात बुडवायच्या.

"आत्या, तांब्या वेगळा ठेवू या का?" मी एकदा धीर करून म्हटलं.

"लेकराच्या शीला काय घाण म्हणतीस? दूधच की ते." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच, "बरं बरं. ठिवू की."

दुसऱ्या दिवशी हौदाशेजारच्या खिळ्याला एक निळा मग लटकला. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं.

रेवाच्या पाण्याबद्दल मात्र मी तिच्या जन्मापासून ठाम होते. रोज सकाळी केजच्या शाळेत शिकवायला निघण्याआधी मी पातेलंभर पाणी खळखळून उकळायचे, निवलं की झाकणाच्या स्टीलच्या बरणीत भरायचे. आत्यांना सांगायचे, "हे रेवाचं."

"व्हय बाई, ठाऊक हाय. दुसरं दिलं तर तू मला भाकर द्यायची न्हाईस."

संध्याकाळी येईपर्यंत बरणी रिकामी झालेली असायची. मी बरणीत डोकावायचे आणि मला बरं वाटायचं.

तो दिवस

आदल्या दिवशी रेवाला चार-पाच वेळा पातळ शी झाली होती. ती तेव्हा सव्वा वर्षाची होती, नुकती चालायला लागलेली. आत्या म्हणाल्या, दाढा येत्यात. शेजारच्या काकू म्हणाल्या, दाढाच. अमोल फोनवर म्हणाला, दाढा येताना होतंच. मी ओआरएसची पुडी उकळलेल्या पाण्यात कालवली, ती थोडं प्यायली. सकाळी ती कोंबडीमागे गेली, म्हणून मी शाळेत गेले.

मन लागेना म्हणून दुपारीच परत आले तर आत्या ओसरीवर बसल्या होत्या आणि रेवा त्यांच्या मांडीवर पडून होती. मी केलेलं ओआरएस तसंच झाकून ठेवलेलं.

"पाजलं नाही?"

"वरून पाणी घातलं की खालून पाणीच जातंय. पोट कोरडं राहू दे जरा. झोपली बी बघ शांत."

ती झोपलेली नव्हती. डोळे अर्धवट उघडे होते आणि खोल गेले होते, जसे म्हाताऱ्या माणसांचे असतात. मी तिला उचललं तेव्हा ती रडली. म्हणजे तोंड रडल्यासारखं झालं, घोगरा आवाज निघाला, पण डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नाही. आत्यांना विचारलं, तर लंगोट सकाळपासून लघवीनं ओलाच झालेला नव्हता.

हे वाचणाऱ्या आयांनो, ही दोन लक्षणं लक्षात ठेवा. रडताना अश्रू नाहीत आणि लंगोट कोरडा. बाकी कुणाचं काही ऐकू नका. निघा.

अमोलचं खत-बियाणांचं दुकान केजला आहे. तो तिथे होता. मी रेवाला घेऊन फाट्यावर गेले. आत्या पायात चप्पल न घालता माझ्या मागे आल्या. जीप उभी होती, अर्धी भरलेली.

"मॅडम, दोन-तीन शिटा झाल्या की निघूच," ड्रायव्हर म्हणाला.

पुढच्या सीटवर बसलेल्या एका म्हातारीनं वळून रेवाकडे पाहिलं. मग ती ड्रायव्हरला म्हणाली, "शिटा घाल चुलीत. हाण गाडी."

त्यानं गाडी हाणली. वाटेत लोक हात करत होते. तो कुणासाठीच थांबला नाही. केजच्या बाजारातल्या गर्दीत हॉर्नवर हात दाबून धरून त्यानं आम्हाला थेट दवाखान्याच्या दारात उतरवलं. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. रोज त्याच्याच जीपनं जाते, तरी.

जीपमधून मी अमोलला फोन केला होता, तो दारात उभा होता. लहान मुलांच्या डॉक्टरांनी रेवाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि हात चालू असतानाच मला विचारलं, "पाणी कुठलं पिते?"

घाबरले की मी इंग्रजीत जाते. "ओन्ली बॉइल्ड वॉटर, डॉक्टर. नथिंग एल्स."

"नक्की? बाहेरचं, नळाचं, कधी एखाद्या वेळी?"

"नेव्हर."

हे मी अभिमानानं म्हणाले. लेकरू समोर तसं पडलेलं असताना अभिमान कसा वाटू शकतो, कोण जाणे, पण वाटला. मी सगळं नीट केलं होतं. दुजोऱ्यासाठी मी अमोलकडे पाहिलं. तो रेवाच्या पावलांकडे पाहत होता. मला वाटलं, घाबरलाय. आत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नाही.

वॉर्ड

रेवाची शीर सापडत नव्हती. सिस्टरनं एका हातावर पाहिलं, दुसऱ्या हातावर पाहिलं, मग पायावर. मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. शेवटी पायाला सलाइन लागलं आणि सिस्टरनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तो पाय पट्टीनं बांधून टाकला. एवढासा पाय, पुठ्ठ्यावर बांधलेला. नंतर कित्येक दिवस मला डोळे मिटले की तोच दिसायचा.

वॉर्डात दिवस ठरल्या क्रमानं जायचा. सकाळी फिनाइलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग सिस्टर येऊन विचारणार, "लघवी?" सगळ्या आयांना तोच प्रश्न. पहिल्यांदा लंगोट ओला झाला तेव्हा मी तो हातात धरून धावत सांगायला गेले. सिस्टर म्हणाली, "मॅडम, इथं रोज कुणीतरी असंच पळत येतं."

शेजारच्या कॉटवर कोंडाबाई म्हणून एक बाई होत्या. घरची मेंढरं, सतत फिरतीवर. त्यांचा मुलगा रेवाएवढाच, त्यालाही सलाइन. पहिल्या दिवशी आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "काय पाजिता लेकराला?"

"उकळलेलं पाणी."

"आसं?" त्यांनी आपल्या मुलाकडे बोट केलं. "ह्यो वढ्याचं पिऊन मोठा झाला. मेंढराच्या लेंड्या खाल्ल्यात ह्यानं. ह्यो बी हितं, अन् तुमचं उकळल्यालं पिऊन बी हितंच. मंग गॅस तरी वाचवा की बाई."

आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की सिस्टर डोकावून गेली. मीही हसले. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. मग आलं कुठून? मी मनातल्या मनात घर धुंडाळत होते. दूध? मी स्वतः तापवते. वाटी-चमचा? उकळते. जमिनीवरचं काहीतरी तोंडात घातलं असेल. माझे हात? शाळेतून आल्यावर हात धुवायच्या आत तिला कधी उचललं होतं का? माझं मन मलाच पुन्हा पुन्हा पकडत होतं. अमोल डबा घेऊन यायचा, माझ्याशेजारी बसायचा. मी त्याला म्हणायचे, "माझंच काहीतरी चुकलं असेल." तो म्हणायचा, "असा विचार नको करूस."

हे त्याचं वाक्य मी विसरणार नाही.

तळहात

वॉर्डात सुरू झालेल्या उलट्या थांबल्यावर डॉक्टरांनी तोंडानं ओआरएस सुरू करायला सांगितलं. एक चमचा द्यायचा, थांबायचं, पुन्हा एक. घाई केली की सगळं बाहेर. रेवा चमच्याला तोंडच उघडेना. चमचा दातांवर आपटायचा, पाणी हनुवटीवरून मानेत. वाटीनं पाहिलं, ड्रॉपरनं पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून मान फिरवायची.

तेवढ्यात घरी जाऊन आलेल्या आत्या एसटीनं पोचल्या. सिस्टरनं त्यांना बेसिन दाखवून साबणानं हात धुवायला लावले. मग त्या कॉटवर बसल्या. "दे हिकडं."

त्यांनी ग्लासातलं थोडं ओआरएस आपल्या उजव्या तळहातात ओतलं. तळहाताची वाटी केली आणि रेवाच्या तोंडाजवळ नेली. हात पुरता पोचायच्या आत रेवानं मान उचलली. दोन्ही हातांनी आत्यांचा अंगठा धरला, तोंड तळहाताला लावलं आणि सुर्र करून ओढून घेतलं. संपल्यावर तळहात चाटला, आणि त्यावर थाप मारून म्हणाली, "मम."

सगळ्यांना हायसं वाटलं. सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्हालाच ठेवून घेतो आता कामाला." आत्या लाजून हसल्या. मीही हसले असते. पण मी रेवाच्या हातांकडे पाहत होते. अंगठा कुठे धरायचा हे तिला माहीत होतं.

"आत्या, तुम्ही तिला घरी असं पाणी देता?"

"देते की."

"कुठलं?"

"हौदातलं. आपल्या घरात आजून कुठलं असतंय?"

त्यांच्या आवाजात चोरी नव्हती. थकवा होता थोडा, इतके दिवस सांभाळलेलं ओझं खाली ठेवल्यावर येतो तसा.

"रोज?"

"थोडं थोडं. तळहातभर. तुला आल्या आल्या कसं लागलं होतं पाणी, आठवतंय का? जीव जायची पाळी आलती. ह्या लेकरानं जलमभर तसंच करायचं का? ह्या गावात राहायचं तर हितलं पाणी अंगी लागाया पायजे. एकदम दिलं तर बाधतंय. थोडं थोडं देत गेलं की सवय हुतीय."

"आणि मी उकळलेलं?"

"ते च्याला वापरते. उकळल्यालं पाणी मेल्यालं असतंय, लेकराला त्याचा काय उपेग? पर वाया कावून घालवायचं."

रोज संध्याकाळी मी ज्या रिकाम्या बरणीत डोकावत होते, तिच्यातलं पाणी चहात जात होतं. आणि तो चहा मीही पीत होते.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर दिऊ दिलं आसतंस?" मग त्यांनी रेवाच्या तोंडाशी पुन्हा तळहात नेला आणि मान खाली घालूनच म्हणाल्या, "अमोलला म्हणलं होतं मी. चोरून न्हाई केलं. तो म्हणला, देत जा, पर तिला कळू दिऊ नको. उगं टेन्शन घिती."

कोंडाबाईंनी आपल्या मुलाचं पांघरूण विनाकारण नीट केलं.

पॅसेजमध्ये

अमोल शहाळं घेऊन आला. मी त्याला पॅसेजमध्ये नेलं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, दोघंच असलो की नावानं.

"तुला माहीत होतं."

काय, असं त्यानं विचारलं नाही. "आईला समजावणं अवघड आहे गं. आणि तिचं अगदीच चूक आहे असंही नाही. लसीसारखंच आहे ते. थोडं थोडं दिलं की शरीर तयार होतं."

अमोल बीएस्सी अ‍ॅग्री आहे. दुकानात शेतकऱ्यांना औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचून दाखवतो. मात्रा चुकली की पीक जळेल म्हणून बजावतो.

"शेजारच्या कॉटवर बघ," मी म्हणाले. "त्याला जन्मापासून सवय आहे. ओढ्याच्या पाण्याची."

त्यानं वॉर्डाच्या दारातून तिकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा तू ऐकत होतास. मी काय सांगितलं ते तुला कळत होतं."

"मग काय करायला पाहिजे होतं? सगळ्यांसमोर तुला खोटं पाडायचं?"

"रेवा मरत होती, अमोल."

"हळू बोल."

"आणि नंतर? मी म्हणत होते माझं चुकलं. रोज म्हणत होते. तू शेजारी बसून ऐकत होतास."

शहाळ्याची पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली. आत्यांनी निदान काहीतरी मानून हे केलं होतं. अमोलनं काहीच मानलं नव्हतं. आईचं मन राखलं, माझं मन राखलं, आणि मधल्या मधे लेकरू पणाला लावलं.

मी एकटीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की मी दिलेली माहिती चुकीची होती. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना दोनदा विचारावं लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आम्ही दुसरीकडेच शोधत बसलो असतो." मग आत्यांना बोलावून त्यांनी हौद, मोटार, न्हाणी सगळं विचारलं. आत्यांनी सगळं खरं सांगितलं. निळ्या मगाबद्दलही सांगितलं: "त्यो हिच्यासमोर वापरते. येरवी तांब्याच हाताला येतोय."

"मावशी," डॉक्टर म्हणाले, "मोठ्या माणसाचं पोट निराळं. एवढ्या लेकराच्या अंगात पाणी असतं ते किती? सवय व्हायची वाट बघत बसलात तर लेकरू हातचं जाईल."

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. केबिनबाहेर आल्यावर बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले नाही. पुढेच उभी राहिले.

घरी

सुट्टी मिळून घरी आलो तेव्हा शेजारच्या काकू रेवाची दृष्ट काढायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आगं बाई, तुला ठाऊकच न्हवतं व्हय? आमाला वाटलं, तूच मान्य केलंस."

म्हणजे गल्लीला ठाऊक होतं. मी सकाळी पाणी उकळताना खिडकीतून दिसायचे, तेव्हा त्यांना काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळ दिवस केला. आता करत नाही.

आई संभाजीनगरहून रोज फोन करत होती. रेवाला घेऊन इकडे ये, म्हणत होती. मी गेले नाही. तिकडे गेले असते तर इथे सगळं 'तिला राग आला' एवढ्यावर मिटलं असतं. शाळेला मी लांब रजा टाकली. नोकरी हवी तर रेवाला इथेच, आत्यांच्याच हातांत ठेवून जायला हवं, दुसरं कुणी नाही. मग या हातांवर विश्वास ठेवता येईल का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला जिथे तो मोडला तिथेच शोधायचं होतं.

अमोलनं हौद उपसला. स्वतः आत उतरून घासला. तळाशी हातभर गाळ निघाला. त्यानं नळाची मोटार काढली, फुटका पाइप बदलून घेतला, हौदाला झाकण बसवलं आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं आणलं. एका शब्दानं न सांगता सगळं केलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, कसा नवरा मिळालाय बघ. काम चांगलंच केलं होतं त्यानं. पण दोघं असतानाही माझ्या तोंडून आता 'तुम्ही' यायला लागलं होतं. मी ठरवून केलं नव्हतं. त्यानं एकदाच विचारलं, "असं परक्यासारखं का बोलतेस?"

आत्यांशी मात्र मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी मराठीत भांडले. शब्द अडखळत होते, मधेच रडू येत होतं, पण बोलले. म्हटलं, "तुम्हाला पटत नसेल तर तोंडावर नाही म्हणा. हो म्हणून मागून दुसरं करू नका. तुमचं 'बरं बरं' मला आता नको."

त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत. "मंग ऐक. उकळल्यालं पाणी दीन. डाक्टर म्हणलाय, अन् लेकराचे त्ये डोळे मी बघितल्यात. पर घडीघडी साबणानं हात धुवायचं ते माझ्याच्यानं हुनार न्हाई. शी धुतल्यावर धुईन. खाऊ घालायच्या आदी धुईन. तू सांगशील तवा, उटता बसता, ते न्हाई. न्हाई म्हंजी न्हाई. पटतंय का बघ, न्हाईतर घिऊन जा लेकरू शाळंला."

आवाज चढलेला होता. तवा रागानं आदळला. आणि मला, खरं सांगते, इतकं हलकं वाटलं की मी चुलीपुढेच बसून राहिले. ते 'न्हाई' या घरात मला मिळालेलं पहिलं खरं उत्तर होतं. त्या दोन्ही वेळा आत्या हात धुतात. मी लपून पाहिलं आहे. आता लपून पाहत नाही.

काही आठवड्यांनी मी शाळेत परत जायला लागले.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात लहान लेकरू असेल तर पाणी, साबण, हौदाचं झाकण यांचं तुम्हाला आशाताई सांगतील, डॉक्टर सांगतील, पुडीच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं. मला सांगायचंय ते कुठे लिहिलेलं नसतं. घरात तुमच्या शब्दाला सगळे मान डोलावत असतील तर जरा थांबा. कुणाला पटलेलं नाही ते विचारा, आणि नाही म्हणणाऱ्यावर रागावू नका. आणि जुलाब सुरू झाल्यावर डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर देण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवा. तुम्हाला वाटतं ते सांगू नका. घडलं ते सांगा.

परवाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात उत्तरपत्रिका तपासत बसले होते. रेवा पाणी मागत आली. अमोल उठला, पातेल्यातलं पाणी तिच्या पेल्यात घेतलं आणि तिच्या हाती दिलं. ती आता पेल्यानं पिते. मी मान वर केली एवढंच. तो म्हणाला, "उकळलेलं आहे. मघाशीच."

मी पेन खाली ठेवलं, उठले, आणि पातेल्याला हात लावून पाहिला.

पातेलं कोमट होतं. तो खरं बोलत होता. तो माझ्या हाताकडे पाहत होता, आणि मी तपासून पाहतेय हेही त्याला दिसत होतं. मी हात काढून घेतला नाही.